हात दाखवून अवलक्षण

आमच्या घरातल्या आरशाला वाचा असती, तर २०१६ सालच्या उन्हाळ्यात त्याने काकुळतीला येऊन माझ्याकडे रजा मागितली असती. सकाळी दात घासताना मान उजवीकडे, दाढी करताना मान डावीकडे, कचेरीला निघताना शर्टाची कॉलर खाली ओढून एकदा, आणि रात्री दिवा मालवण्यापूर्वी बॅटरीच्या उजेडात तोंडाचा मोठा आ करून आणखी एकदा! या सगळ्या कवायतीचे कारण एवढेच, की माझ्या मानेच्या उजव्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, वाटाण्याएवढी एक गाठ बोटाला लागत होती.

वाचकहो, हसू नका. निदान लगेच हसू नका. या वेडाच्या मुळाशी एक खरेखुरे दुःख होते.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारेच दादा म्हणत असू, २०१५ च्या पावसाळ्यात गेले. घशाचा कर्करोग. मानेत गाठ आली होती, ती त्यांनी सात महिने कोणाला दाखवली नाही. ‘दाढेचं दुखणं उतरलंय’, ‘सर्दीचं आहे’, ‘हात लावला की अशा गोष्टी वाढतात’ ही त्यांची उत्तरे. वहिनींनी विषय काढला की ते वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरीत. शेवटी दाखवली तेव्हा डॉक्टरांनी एवढेच विचारले, “इतके दिवस कुठे होतात?” दादांजवळ त्याला उत्तर नव्हते.

तेराव्याचे जेवण उरकून घरी आलो आणि मी मनाशी पण केला, की आपण असे गाफील राहायचे नाही. त्याच रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी प्रथमच आपली मान नीट चाचपून पाहिली. आणि शोधणाऱ्याला सापडतेच, तशी मला गाठ सापडली.

दुसऱ्याच दिवशी आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाहिली, घसा पाहिला, रक्त तपासायला लावले. “साधी ग्रंथी आहे,” म्हणाले. अकरा दिवस मी सुखात होतो. बाराव्या दिवशी वाटले, ती थोडी मोठी झाली आहे. मग कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी नळीने घसा पाहिला, सोनोग्राफी करवली. निर्वाळा तोच. हे समाधान चार दिवस टिकले. तिसऱ्या डॉक्टरांकडून मिळालेले समाधान तर त्यांच्या इमारतीचा जिना उतरेपर्यंतच टिकले. तळमजल्यावर पोचलो तेव्हा मनात आले, ‘त्यांनी उजव्या बाजूलाच हात लावला ना? की डाव्या?’

असे दहा महिने गेले. आणि एके दिवशी मी कचेरीतून घरी आलो, तो माझी नऊ वर्षांची मुलगी त्याच आरशासमोर स्टुलावर उभी. मान तिरपी, दोन बोटे जबड्याखाली रुतवलेली, चेहरा कावराबावरा. मला पाहून म्हणाली, “बाबा, बघ ना, मला पण गाठ आहे का?”

त्या क्षणी माझ्या पायांखालची जमीन सरकली. बापाकडून मुलीला घर मिळते, नाव मिळते, फार तर नाकाचा आकार मिळतो. मी तिला माझी भीती देत होतो.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस

हा आजार माझ्या एकट्याचा नाही, हे मला पुढे कळले. आपल्या आसपास नजर टाका. कोणी गृहस्थ गप्पा मारता मारता डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटे ठेवून नाडी मोजत असतात. कोणा बाईंचे आंघोळीत अर्धा तास जातो, कारण छातीला हात लावून झाले तरी पुन्हा एकदा पाहिल्याशिवाय त्यांना बाहेर येववत नाही. कोणी रोज जीभ बाहेर काढून तिच्या कडा न्याहाळतो, कोणी पोट दाबून पाहतो, कोणी पाठीवरच्या तिळाचे दर आठवड्याला मोबाईलवर छायाचित्र घेतो. २०२० आणि २०२१ च्या करोनाच्या साथीत बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र घरोघर आले. तेव्हा त्याची गरज होती. पण साथ ओसरल्यावरही ते उशाखालून न हललेली घरे मी पाहिली आहेत.

आणि ही माणसे काही बावळट नसतात. चांगली शिकलेली, हिशेबी, संसार नेटका करणारी असतात. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये मोलियेर नावाचा थोर नाटककार होऊन गेला. आपण सदैव आजारीच आहोत असे मानणाऱ्या एका श्रीमंत गृहस्थावर त्याने एक प्रहसन लिहिले आणि ती भूमिका स्वतःच केली. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी त्याच नाटकाच्या चौथ्या प्रयोगात त्याला खोकल्याची उबळ आली आणि काही तासांतच तो मरण पावला. खोट्या आजाराचे सोंग आणणारा नट खराच आजारी होता! उत्क्रांतिवादाचा जनक चार्ल्स डार्विन याने १८४९ पासून १८५५ पर्यंत आपल्या प्रकृतीची रोजच्या रोज नोंद ठेवली होती. तो पुढे १८८२ पर्यंत, म्हणजे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत जगला. आणि इंग्रजी विनोदकार जेरोम के. जेरोम याच्या १८८९ सालच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या पुस्तकातला नायक वाचनालयात वैद्यकाचा ग्रंथ चाळतो, तेव्हा त्याला आढळते, की मोलकरणींच्या गुडघ्याला होणारा एक आजार वगळता त्यातले यच्चयावत रोग आपल्याला झालेले आहेत. आज वाचनालयात जाण्याचेही कष्ट नाहीत. मध्यरात्री पांघरुणात मोबाईल उघडला की तो ग्रंथ हातात!

या विकाराला इंग्रजीत पूर्वापार ‘हायपोकाँड्रिया’ म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बरगड्यांच्या कूर्चेखालचा भाग’. उदासी आणि नाना शंका तिथल्या अवयवांतून उपजतात, अशी जुन्या वैद्यांची समजूत होती. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या रोगसूचीतून हे नाव काढून टाकले आणि त्याजागी ‘आजाराच्या चिंतेचा विकार’ अशा अर्थाचे साधे नाव घेतले. नाव बदलले हे बरे झाले, कारण जुन्या नावाला थट्टेचा वास लागला होता, आणि ही थट्टेची गोष्ट नव्हे. २०२३ साली स्वीडनमधील संशोधकांनी असे निदान झालेल्या चार हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी इतरांशी ताडून पाहिल्या. त्यांत अकाली मृत्यूचे प्रमाण कमी नव्हे, जास्तच आढळले. आत्महत्येचे तर विशेष. भीतीने आयुष्य वाढत नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

अंगावरचे उंचवटे

आमचे घरचे डॉक्टर सत्तरीच्या घरातले, मितभाषी. मुलीचा तो प्रसंग घडल्यावर मी पुन्हा त्यांच्यापुढे जाऊन बसलो. मान पुढे केली नाही. आरशासमोरची हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “बसा. आज तुम्हाला थोडं शरीरशास्त्र शिकवतो. तुम्ही शोध लावायला निघालात, पण नकाशा न घेता.”

त्यांनी सांगितलेला नकाशा मी इथे देतो, कारण तो ज्याच्या त्याच्या उपयोगी पडेल.

आपल्या शरीरात सुमारे सहाशे लसिकाग्रंथी आहेत आणि त्यांतला मोठा वाटा एकट्या मानेत आहे. सर्दी झाली, दाढ किडली, डोक्यात फोड आला, की त्या भागाची ग्रंथी फुगते. पायाला काटा लागून पू झाला की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आजीला ठाऊक होते; मानेत येते ते त्याच जातीचे. दुखणे गेले तरी फुगलेली ग्रंथी काही वेळा पूर्ववत होत नाही. लहानशी, मऊ, बोटाखाली सरकणारी अशी ती वर्षानुवर्षे राहते. अंगाने सडपातळ माणसाला ती सहज लागते, स्थूल माणसाला लागत नाही, एवढाच फरक.

जबड्याच्या हाडाखाली दोन्ही बाजूंना लाळेच्या ग्रंथी असतात. वय वाढले की त्या थोड्या खाली उतरतात आणि गाठीसारख्या भासतात. कानामागे एक हाडाचा उंचवटा आहे, डोक्याच्या मागच्या बाजूला दुसरा. छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक पोटाच्या वर बोटाला टोचते. तरवारीच्या टोकासारखे असते म्हणून त्याचे ग्रीक नावही तरवारीवरूनच पडले आहे. चाळिशीत पहिल्यांदा ते हाताला लागले म्हणजे घाम फुटलेली माणसे डॉक्टरांकडे धावत येतात. वास्तविक ते जन्मापासूनच तिथे असते. जिभेच्या अगदी मागे मोठ्या दाण्यांची एक ओळ असते. बॅटरी घेऊन पाहणाऱ्याला ती फोडांसारखी वाटते. कित्येकांच्या टाळूच्या मधोमध हाडाचा एक निरुपद्रवी उंचवटा असतो. हृदयाचा एखादा ठोका चुकणे किंवा अवेळी पडणे हे धडधाकट माणसातही होते. नाडीवर बोट ठेवून बसणाऱ्यालाच तेवढे ते कळते.

“तुमचं शरीर म्हणजे काही संगमरवरी फरशी नव्हे,” डॉक्टर म्हणाले. “खेड्यातली शेणानं सारवलेली जमीन आहे. हात फिरवाल तिथं उंचवटा लागेल.”

बोटांची खोटी साक्ष

“पण डॉक्टर,” मी म्हणालो, “पाहिल्यानं बिघडतं काय? पाहून खात्री करून घेतली की मन शांत होतं.”

“होतं? मग पुन्हा का पाहता?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग त्यांनी मला एक प्रयोग करायला लावला. वाचकहो, तुम्हीही आत्ताच करून पाहा. पाणी न पिता लागोपाठ पाच वेळा आवंढा गिळा. पहिला सहज जातो, दुसराही जातो. चौथ्या-पाचव्याला घशात काहीतरी अडकल्यासारखे होते. लाळ संपलेली असते, दुसरे काही नाही. पण ज्याला घशाच्या रोगाची धास्ती आहे, तो याच रीतीने दिवसातून पन्नास वेळा आपला घसा ‘तपासून’ पाहतो आणि दर वेळी रोगाचा नवा पुरावा घेऊन परत येतो!

गाठीचेही तसेच. जी जागा दिवसातून कितीतरी वेळा दाबली जाते ती हुळहुळी होणारच, दुखणारच, थोडी सुजणारही. मग दुखते म्हणून पुन्हा दाबायची. चोर शोधायला निघालेल्या शिपायानेच घरात पावलांचे ठसे उमटवावेत आणि तेच पुरावा म्हणून सादर करावेत, तसा हा प्रकार.

त्यापुढची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. आपली समजूत अशी, की जितके जास्त पाहू तितकी खात्री पक्की होईल. २००३ साली नेदरलँड्समधील दोन मानसशास्त्रज्ञांनी, व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी, याची परीक्षा घेतली. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी दाखवून लोकांना बटणे बंद करून पुन्हा पुन्हा तपासायला लावली. वारंवार तपासणाऱ्यांना शेवटी काय पाहिले ते बरोबर आठवत होते. पण त्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास मात्र उडाला होता. चित्र पुसट झाले होते. रात्री तीनदा उठून कडी पाहणाऱ्यालाच चौथ्यांदा उठावेसे का वाटते, याचे हे उत्तर. तपासण्याने शंका मरत नाही; तिला खुराक मिळतो.

दुसऱ्याकडून मिळणाऱ्या धीराचेही असेच होते. इंग्लंडमधील साल्कोव्हस्किस आणि वॉर्विक यांनी १९८६ साली हे दाखवून दिले, की डॉक्टरांकडून किंवा घरच्यांकडून ‘काही नाही हो’ असे वदवून घेतले की चिंता तेवढ्यापुरती उतरते आणि मग पुन्हा, दुप्पट हट्टाने, तोच प्रश्न विचारायला लावते. माझे अकरा दिवस, चार दिवस आणि एक जिना यांचा अर्थ मला तेव्हा उमगला.

मग पाहायचेच नाही की काय?

इथे कोणी सुज्ञ वाचक मला अडवील. ‘तुमचे दादा न दाखवण्यामुळेच ना गेले? मग हात लावू नका असे कसे सांगता?’

हाच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तुमचे दादा आणि तुम्ही, दोघांचा आजार एकच. त्यांना भीतीनं हात लाववेना, तुम्हाला भीतीनं हात काढवेना. दोघांनीही एक गोष्ट केली नाही. ज्याला त्यातलं कळतं त्याला वेळेवर दाखवून, तो सांगेल त्यावर थांबायचं, ते.”

मला वाटते, या सबंध लेखाचे सार एवढ्यातच आहे. आणि त्याला शास्त्राचाही आधार आहे.

चीनमधील शांघाय शहरात १९८९ ते १९९१ या काळात कापड गिरण्यांतील २ लाख ६६ हजार स्त्रियांची नोंद करून एक मोठा प्रयोग सुरू झाला. त्यांतल्या निम्म्यांना स्वतःचे स्तन हाताने कसे तपासावेत हे पद्धतशीर शिकवले, वरचेवर उजळणी करून घेतली. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शिकवलेल्या गटात स्तनांच्या कर्करोगाने १३५ मृत्यू झाले होते, न शिकवलेल्या गटात १३१. फायदा शून्य; उलट, शिकलेल्या स्त्रियांत निरुपद्रवी गाठी अधिक सापडल्या आणि त्यांपायी चिरफाडही अधिक झाली.

आता आपल्या मुंबईचे उदाहरण पाहा. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या या स्त्रियांपैकी निम्म्यांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केली. फक्त हाताने, कोणत्याही यंत्राशिवाय. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसले, की या तपासणीत रोग लवकरच्या पायरीवर सापडत होता आणि पन्नाशीच्या व त्यापुढच्या स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते.

दोन्हीकडे तपासणी हातानेच झाली. पण मुंबईचा हात शिकवलेला होता, दुसऱ्याचा होता, आणि दोन वर्षांतून एकदा लागत होता. याचा अर्थ आपण आपल्या शरीराबद्दल बेफिकीर राहावे असा मुळीच नाही. आंघोळ करताना, कपडे घालताना सहज काही नवे जाणवले, तर ते जरूर दाखवावे. कोणते लक्षण खुशाल पाहत बसू नये, तेही लिहून ठेवतो : तीन आठवड्यांत न जाणारी, टणक, न सरकणारी किंवा वाढत जाणारी गाठ, तीन आठवडे न भरणारा तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा, आणि तंबाखू खाणाऱ्याने तर विशेषच, तीन आठवडे बसलेला आवाज, स्तनात नवी गाठ, कातडीला पडलेली खळी किंवा बोंडातून रक्त, शौचावाटे रक्त, रंग-आकार बदलणारा तीळ, कारणावाचून उतरणारे वजन किंवा रात्रीचा ताप. यांतले काही असेल तर आरशाकडे नव्हे, दवाखान्याकडे वळावे. तेही एकदा, वेळेवर, आणि एका डॉक्टरांकडे.

चिंचोक्यांचा हिशेब

“आता उपाय,” डॉक्टर म्हणाले. “उद्या सकाळी डाव्या खिशात मूठभर चिंचोके घाला. मानेला हात गेला की एक चिंचोका उजव्या खिशात. रात्री मोजा. बाकी काही करू नका.”

मी मनात धरले होते, दहा-पंधरा होतील. पहिल्या रात्री मोजले ते एकाहत्तर भरले! डाव्या खिशातले दुपारीच संपले होते. पुन्हा भरावे लागले होते. वाचकहो, त्या रात्री मी गाठीला घाबरलो नाही, चिंचोक्यांना घाबरलो.

पुढची पायरी उशीर करण्याची. हात उचलावासा वाटला की घड्याळ पाहायचे आणि पंधरा मिनिटांनी लावायचा. मनाई नाही, फक्त उशीर. ती पहिली पंधरा मिनिटे मला आजही आठवतात. छाती धडधडे, तळहाताला घाम सुटे, ‘आज नेमकी मोठी झाली असेल तर?’ असे मन बजावून सांगे. पण एक गोष्ट ध्यानात आली. भीती चढत जाते, एका उंचीवर टेकते आणि आपण तिचे ऐकले नाही तर आपोआप उतरते. दहा महिन्यांत तिला उतरण्याची संधीच मी कधी दिली नव्हती; ती चढू लागली की मी तिला गाठ दाखवून गप्प करीत होतो.

पंधरा मिनिटांचा अर्धा तास झाला, अर्ध्या तासाचे दोन तास झाले. बॅटरी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. रात्री नऊनंतर मोबाईलवर रोगांची नावे शोधायची नाहीत, असे ठरले. गाठीचा कारभार डॉक्टरांकडे सोपवला : तीन महिन्यांनी एकदा, ठरलेल्या तारखेला, ते पाहणार, मधे कोणी पाहायचे नाही. आणि मोकळ्या राहिलेल्या हातांना काम दिले. मटार सोलणे, मुलीच्या वह्यांना कव्हरे घालणे, गॅलरीतल्या कुंड्या. भाजी निवडण्यासारखे औषध नाही. दोन्ही हात गुंततात आणि घरातल्या मंडळींचीही मर्जी राहते.

आठ आठवड्यांनी चिंचोके चारावर आले. सरळ उतरले नाहीत. मधे एका मित्राच्या आजाराची बातमी आली, त्या दिवशी पुन्हा एकोणतीस झाले. “होणारच,” डॉक्टर म्हणाले, “उद्या पुन्हा मोजा.”

ज्यांना हे एकट्याने जमणार नाही त्यांनी संकोच न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. विचारांना आणि वागण्याला वळण लावणारी एक उपचारपद्धती आहे. डॉक्टर मंडळी तिला ‘सीबीटी’ म्हणतात. इंग्लंडमध्ये रुग्णालयांत येणाऱ्या ४४४ आरोग्यचिंताग्रस्त रुग्णांवर तिचा प्रयोग झाला. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात छापलेल्या निष्कर्षाप्रमाणे थोड्याच बैठकांत लाभ झाला आणि तो दोन वर्षांनीही टिकून होता. गरज पडली तर औषधेही आहेत. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६.

घरच्या माणसांसाठी

या आजारात घरची माणसे नकळत भागीदार होतात. माझी पत्नी दिवसातून दहा वेळा माझ्या मानेला हात लावून ‘तेवढीच आहे हो’ असे सांगत असे. ती प्रेमाने सांगे; पण तो माझ्या आगीत पडणारा तुपाचा चमचा असे. डॉक्टरांनी तिलाही बोलावून घेतले आणि एक वाक्य शिकवले. मी विचारले, “अगं, मोठी वाटते का?” की तिने म्हणायचे, “अहो, ते एक तारखेला डॉक्टर सांगतील. चहा टाकू का?” पहिल्या दिवशी मला तिचा राग आला. तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती ढळली नाही. पुढे कळले, की माझ्यापेक्षा तिला ते वाक्य अधिक जड गेले होते.

तेव्हा घरच्या मंडळींनी दोन गोष्टी टाळाव्यात. ‘तुला काही झालेलं नाही, नाटकं करू नकोस’ असे झिडकारू नये, कारण भीती खरी असते. आणि उठल्यासुटल्या तपासून धीरही देऊ नये. भीती ऐकून घ्यावी, उत्तर ठरलेल्या दिवसावर ठेवावे, आणि माणसाला हाताशी धरून बाहेर न्यावे.

मुलांपुढे तर फारच जपावे. माझ्या मुलीला मी त्या संध्याकाळी तपासले नाही. डॉक्टरांनी पाहून ‘ठणठणीत’ असे सांगितल्यावर तिला जवळ घेऊन म्हणालो, “बाबाला एक वाईट खोड लागली होती. तो ती सोडतो आहे. तू चिंचोके मोजायला मदत कर.” रोज रात्री तीच मोजायची, आणि वहीत आकडा मांडायची. ती वही अजून घरात आहे.

त्या वर्षीच्या नरक चतुर्दशीला पहाटे आईने नेहमीप्रमाणे पाटावर बसवून मला तेल लावले. वयाची पंचाहत्तरी उलटलेली तिची बोटे कपाळावरून, कानामागून, मानेवरून फिरू लागली. गेल्या दिवाळीला याच घरात दादांचा पाट रिकामा होता, त्याची आठवण आम्हा दोघांनाही होती. कोणी बोलले नाही. तिचा हात जबड्याखाली आला, तिथल्या त्या वाटाण्यावरून गेला आणि तसाच खांद्याकडे उतरला. ती थांबली नाही. तिला काही शोधायचे नव्हते.

“मान किती आखडून धरतोस रे,” एवढेच ती म्हणाली, “सैल सोड.”

मी सोडली. गाठ अजूनही तिथेच आहे, तेवढीच आहे, असे डॉक्टर सांगतात. मी स्वतः पाहिलेली नाही.